किलोवर गेलेल्या नोंदवह्या: कोल्हापूरच्या मैदानांच्या आणि रंगमंचांच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापुरातली मैदानं, आखाडे, नाट्यगृहं आणि गाण्याच्या बैठकांच्या जागा ज्यांच्या ताब्यात आहेत ते सर्व अधिकारी, विश्वस्त आणि पदाधिकारी यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका कचेरीच्या दारात मी पाऊण तास उभी होते. काम साधं होतं. आमच्या हौशी मंडळीनं १९८६ साली केशवराव भोसले नाट्यगृहात केलेल्या एका प्रयोगाची तारीख मला हवी होती. त्या नाटकासाठी रंगवलेला वाड्याचा पडदा हे माझ्या हातून झालेलं पहिलं मोठं काम. पडदा राहिला नाही, त्याचा फोटोही कुणी काढला नव्हता. तारीख तरी वहीत सापडेल म्हणून गेले. टेबलापाशी बसलेला मुलगा वागायला चांगला होता. तो आत जाऊन विचारून आला आणि म्हणाला, "बाई, कपाटं हलवली तेव्हा जुन्या नोंदवह्या रद्दीत घातल्या. किलोवर गेल्या."

त्याचा दोष नाही. तेव्हा तो नोकरीलाही लागला नसेल. पण घरी पोचेपर्यंत ते दोन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात, आणि गेला महिनाभर गेलेले नाहीत. म्हणून हे पत्र. तुम्हाला लिहिते आहे, आणि ज्या गावासाठी तुम्ही हा कारभार सांभाळता त्या गावानंही ते वाचावं म्हणून उघडं लिहिते आहे.

मी कोण ते आधी सांगते. मी चित्रकलेची निवृत्त शिक्षिका. जन्म मंगळवार पेठेतला. माझे आजोबा खासबाग या कुस्तीच्या मैदानात हौदाची, म्हणजे कुस्ती लागते त्या आखाड्याची, माती बघायचे. तांबडी माती चाळून घ्यायची, तिच्यात ताक, लिंबाचा रस, हळद, तेल, कापूर घालायचा, खोऱ्यानं उलटीपालटी करायची आणि मग अनवाणी उभं राहून टाचेनं दाबून बघायचं. टाच किती रुतते त्यावरून ते सांगत, अजून एक घागर ताक लागेल की नको. मैदानाच्या, म्हणजे कुस्त्यांच्या, दिवशी मला तिथं कुणी नेत नसे. पोरींना नेण्याची तेव्हा रीत नव्हती. पण मैदानाच्या आदल्या सकाळी आजोबा मला सोबत घेऊन जात. एवढं मोठं रिकामं मैदान, मधोमध तो गोल हौद, आणि ओल्या मातीला येणारा ताकाचा आणि कापराचा वास. मी सगळ्यात वरच्या टप्प्यावर जाऊन बसायची. ते खालून ओरडायचे, "दिसतंय का गं नीट?" दिसायचं. कुठंही बसलं तरी दिसायचं. हे सहज झालेलं नाही, कुणीतरी विचार करून तसं बांधलंय, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

तो विचार शाहू महाराजांचा. १९०२ साली ते विलायतेला गेले, त्या प्रवासात रोममधलं जुनं गोल प्रेक्षागार त्यांनी पाहिलं आणि आपल्या पैलवानांसाठी असं मैदान हवं हे त्यांच्या मनानं घेतलं. १९०७ च्या सुमाराला काम सुरू झालं आणि १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं. पहिल्या मैदानात इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन अशी जोड लागली होती, हे मी आजोबांच्या तोंडून ऐकलं, त्यांनी त्यांच्या वस्तादांकडून ऐकलं होतं. शंभर वर्षांहून जुन्या मैदानाच्या पहिल्या कुस्तीची माहिती माझ्यापर्यंत दोन तोंडांतून पोचली. त्या मैदानात मी शेकडो वेळा गेले असेन, पण तिथल्या भिंतीवर हे लिहिलेलं मी कधी वाचलं नाही.

महाराज तिथंच थांबले नाहीत. खासबागेला पाठ लावून त्यांनी पॅलेस थिएटर बांधलं. १९१५ साली ते सुरू झालं. दोन वास्तू एकमेकींना चिकटून आहेत ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरली आहे की तिच्यातलं वेगळेपण आता आपल्याला दिसतही नाही. एका बाजूला नांदी, दुसऱ्या बाजूला हलगी. एका माणसाच्या मनात पैलवान आणि गवय्या शेजारी शेजारी बसत होते आणि दोघांना त्यानं सारख्याच इतमामानं जागा दिली. पुढं १९५७ साली त्या थिएटरला गायक-नट केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. त्यांचं नाव द्यायचं नाही तर कुणाचं? कोल्हापुरात जन्मलेलं, गरिबीतून आलेलं पोर. वयाच्या अठराव्या वर्षी, १९०८ साली, त्यानं ललितकलादर्श ही स्वतःची नाटक मंडळी काढली. त्या मंडळीचे पडदे आमच्याच गावच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी रंगवले, आणि ब्रश धरणाऱ्या आम्हा सगळ्यांचं कूळ तिथूनच सुरू होतं. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी दोन नाटक मंडळींनी मिळून केलेलं संयुक्त मानापमान हे नाटक झालं, त्यात बालगंधर्वांच्या भामिनीसमोर केशवराव धैर्यधर म्हणून उभे राहिले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी ते गेले.

आणि ८ ऑगस्ट २०२४. गुरुवार होता. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. रात्री शेजारच्यांनी दार वाजवलं, "बाई, केशवराव पेटलंय." मी साडीवर शाल टाकून तशीच गेले. रस्त्यावर सगळं गाव उभं होतं. छताची लाकडं पेटून आत पडल्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता. खासबागेकडच्या बाजूलाही आग होती. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते, आयुष्यभर विंगेत पडदा ओढणारे. ते काहीच बोलत नव्हते, नुसती दोन्ही हातांची बोटं दोर धरल्यासारखी मिटत उघडत होती. सकाळी दगडी भिंती तेवढ्या उभ्या दिसल्या. मोठमोठे नट राखेत उभं राहून रडले, ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं.

बरोबर आठवड्यापूर्वीच्या गुरुवारी, १ ऑगस्टला, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक मिळवलं होतं. गावभर पेढे वाटले होते. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कांस्य आणलं त्यानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या माणसाला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं होतं. खाशाबांना हेलसिंकीला धाडण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवलं होतं, ही गोष्ट कोल्हापुरात पोराटोरांना ठाऊक असते. आनंदाचा गुरुवार आणि राखेचा गुरुवार, मध्ये सात दिवस. ते दिवस मला अजून एकमेकांपासून वेगळे आठवत नाहीत.

नाट्यगृह पुन्हा उभं करण्यासाठी सरकारनं २० कोटी रुपये जाहीर केले. होतं तसं उभं करा, अशी गावाची मागणी होती आणि ती रास्त होती. दगडाचं, लाकडाचं, पत्र्याचं काम जाणते लोक करतील, त्यात मी नाक खुपसत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. "होतं तसं" म्हणजे कसं, हे कशावरून ठरवायचं? विंगेची रुंदी किती, पडद्याच्या दोरांची कप्पी कुठं बसायची, शेवटच्या रांगेतल्या माणसाला माइकशिवाय कुजबूज कशी ऐकू यायची? माझ्याकडं त्या रंगमंचाची दोन-तीन स्केचेस आहेत, नेपथ्याचा रंगवलेला फ्लॅट, म्हणजे कापडी चौकट, वाळेपर्यंत बसल्या बसल्या काढलेली. आग लागल्यावर ती मी बाहेर काढली, तेव्हा ओळखीच्या चार जणांनी त्यांचे फोटो मागून घेतले. मला धस्स झालं. एका शिक्षिकेच्या वहीतली पेन्सिलीची रेघ हा जर पुरावा होणार असेल, तर आपण सगळ्यांनी मिळून काय जपलं?

माझ्या तक्रारी आता एकेक सांगते. कुणाला दुखवायचं म्हणून त्या सांगत नाही, पण गोडही करणार नाही.

पहिली तक्रार कागदांची. प्रयोगांच्या तारखा, भाड्याच्या पावत्या, कुस्त्यांच्या जोडांच्या जाहिराती, हंगामाची वेळापत्रकं, दुरुस्तीची अंदाजपत्रकं. ज्या दिवशी ते लिहिले जातात त्या दिवशी ते कारकुनी काम असतं. पन्नास वर्षांनी तोच इतिहास असतो. एकोणीसशे अमुक साली कोणत्या महिन्यात किती नाटकं झाली, तिकीट काय होतं, दौऱ्यावरची कुठली कंपनी किती दिवस मुक्कामाला होती, हे सगळं त्या वह्यांतून नीट कळलं असतं. त्या वह्या कुणी द्वेषानं फाडल्या नाहीत. कपाट अडत होतं म्हणून त्या गेल्या. मला राग येतो तो ह्याचा, की त्या टाकण्याआधी "ह्या कुणाला दाखवाव्या का" असं एकाही माणसाच्या मनात आलं नाही.

दुसरी तक्रार पाट्यांची. कोनशिलेवर उद्घाटन करणाऱ्यांची नावं असतात, पदांसकट, उतरंडीनं. असू देत. पण दगड घडवणारे कोण होते? पहिला पडदा कुणी ओढला? हौदाला माती कुठून आली? हिंदकेसरीचा पहिला मान १९५९ साली मिळवणारे श्रीपती खंचनाळे, पुढच्याच वर्षी तो मिळवणारे गणपतराव आंदळकर, ही माणसं ह्या मातीत घुमली. त्यांची कुठली कुस्ती कुठल्या साली निकाली झाली, कुठली बरोबरीत सोडवली, हे सांगणारी एक साधी पाटी प्रवेशद्वाराशी लावायला किती खर्च येतो? बाहेरगावचा पाहुणा खाऊगल्लीत भेळ खाऊन मैदानाच्या दारात येतो, आत डोकावतो आणि "मोठं आहे की" म्हणून निघून जातो. त्याला सांगायला तिथं कुणी नाही.

तिसरी तक्रार सगळ्यात जिव्हाळ्याची आहे, म्हणून थोडी लांबेल. मैदान वापरात नसलं की मैदान मरतं. आजोबा सांगत, हौद रोज उकरला पाहिजे, चार दिवस हात लागला नाही तर माती रुसते. मी मध्यंतरी गेले तेव्हा माती रुसलेली नव्हती, दगड झालेली होती. कडेला गवत. मी चप्पल काढून टाच दाबून बघितली. रुतली नाही. मला माहीत आहे, आता मॅटवरच्या कुस्तीचे दिवस आहेत, स्पर्धा मॅटवर होतात, पोरांना तिथंच तयार व्हावं लागतं. गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग या तालमींतले वस्ताद दोन्ही सांभाळतात, त्यांना मी काय शिकवणार? आता मुलीही लांग बांधून मातीत उतरतात, हे बघायला आजोबा हवे होते. पण ज्या मैदानाच्या नावानं आपण कुस्तीपंढरी म्हणून मिरवतो त्याच्या हौदाला वर्षातले मोजके दिवस सोडून पाणी मिळत नसेल, तर त्या मिरवण्याचं काय करायचं? आणि माती करायची कशी हे जाणणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली असतील. आजोबांनी ते कुठं लिहून ठेवलं नाही. मी लहान होते, मी विचारलं नाही. ताक किती, तेल किती, कापूर कधी, हे प्रमाण त्यांच्याबरोबर गेलं. ह्या बाबतीत चूक माझीसुद्धा आहे.

चौथी गोष्ट फुटबॉलची. बाहेरच्यांना नवल वाटतं, पण कोल्हापुरात फुटबॉल हा तालमींचा खेळ आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, ही नावं उच्चारली की पेठेपेठेत दोन तट पडतात. माझ्या वर्गातली पोरं सामन्याच्या दुसऱ्या दिवशी वेगवेगळ्या बाकांवर बसायची, हरलेल्या पेठेची मागं. शाहू स्टेडियमच्या त्याच वातावरणातून पुढं अनिकेत जाधव २०१७ साली भारताच्या सतरा वर्षांखालच्या संघातून विश्वचषक खेळला. पण साठ-सत्तरच्या दशकात अनवाणी खेळणारे, गिरणीतून सुटून थेट मैदानावर येणारे खेळाडू, त्यांच्या सामन्यांची नोंद कुठं आहे? ज्यांनी ते सामने पाहिले ते आज ऐंशीच्या घरात आहेत. तालमीच्या कट्ट्यावर बसून ते मिनिटामिनिटाचं वर्णन करतात. ऐकणारी पोरं हसून मोबाइलमध्ये बघतात आणि ते वर्णन हवेत जातं. क्रिकेटचंही तेच. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा करणारे भाऊसाहेब निंबाळकर आमच्या कोल्हापुरात जन्मले आणि इथंच २०१२ साली वारले. त्या दिवशी प्रतिस्पर्धी संघानं सामना सोडून दिला नसता तर जगातला तेव्हाचा सर्वांत मोठा डाव त्यांच्या नावावर लागला असता. कोल्हापुरातल्या किती मुलांना हे नाव माहीत आहे? मी दरवर्षी वर्गात विचारत असे. हात वर यायचे ते दोन किंवा तीन.

गाण्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण माझा त्यातला अधिकार फक्त ऐकण्याचा. उस्ताद अल्लादिया खाँसाहेब महाराजांच्या पदरी होते, जयपूर घराण्याचं गाणं त्यांच्यामुळं ह्या गावात रुजलं. त्यांचे चिरंजीव भूर्जी खाँसाहेब अंबाबाईच्या देवळात सेवा म्हणून गात, आणि पुढं मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्याकडं शिकले. देवल क्लब या गायनसंस्थेतल्या बैठकांच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. देऊळ, क्लब, नाट्यगृह, मैदान, स्टेडियम: सगळं चालत फिरता येईल एवढ्या अंतरात. मंगळवार पेठेतली साठमारी धरली, जिथं हत्तीला डिवचून तो अंगावर यायच्या आत आडोशाला निसटायचा खेळ चालायचा, तर ह्यातलं बरंच काही शाहू महाराजांच्या काळात बहरलं, आणि सगळी मिळून ही एकच वस्ती आहे. पण कारभारात तिचे तुकडे झाले. नाट्यगृहाचा विचार करणारे मैदानाकडं बघत नाहीत, मैदानाचा विचार करणाऱ्यांना स्टेडियमशी देणंघेणं नाही. पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन वास्तूंच्या फायली वेगवेगळ्या टेबलांवर फिरत असतील, तर त्या दोघींचं मिळून काय बिघडतंय हे कुणाच्याच लक्षात येणार नाही.

शेवटची तक्रार आगीच्या अंगानं. आग कशी लागली ह्याची चर्चा मी करत नाही, ते तपासणाऱ्यांचं काम. मी फक्त एवढं म्हणते की, नाट्यगृह ही लाकूड, कापड, रंग आणि वीज एका छताखाली कोंबलेली जागा असते. मी स्वतः तिथं टर्पेंटाइनचे डबे घेऊन बसलेली आहे. डोक्यावर तापलेले स्पॉट, मागं कापडी पडदे, पायाखाली जोडलेल्या वायरी. आम्हा रंगवणाऱ्यांना, लाइटवाल्यांना, नेपथ्य लावणाऱ्या पोरांना कधीतरी कुणी एकत्र बसवून सांगितलं असतं, की बंबाचं पाणी कुठून घ्यायचं, मेन स्विच कुठं आहे, मागचं दार कुठल्या बाजूला उघडतं! इतकी वर्षं आत वावरून मला ते माहीत नव्हतं.

आता मागण्या.

खासबाग आणि नाट्यगृह यांच्या आवारात एक खोली द्या. मोठी नको. तिला नोंदघर म्हणा. तिथं एक पगारी माणूस बसवा, ज्याला कागद कसा जपायचा हे येतं. शहरातल्या सगळ्या मैदानांच्या, नाट्यगृहांच्या, गायन संस्थांच्या जुन्या वह्या, नकाशे, जाहिराती, हस्तपत्रकं, फोटो ह्यांची यादी तिथं होऊ द्या. ज्यांना मूळ कागद द्यायचा नाही त्यांच्याकडून त्याची छायाप्रत घ्या. आणि आजपासून ह्या जागांचा एकही जुना कागद यादी केल्याशिवाय रद्दीत घालायचा नाही, असा लेखी आदेश काढा. ह्या आदेशाला तर पैसाही लागत नाही.

दुसरं, ह्याच वर्षात म्हाताऱ्या माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून घ्या. वस्ताद, हलगीवाले, पडदा ओढणारे, रंगपटात तोंडं रंगवणारे, डोअरकीपर, जुने फुटबॉल खेळाडू, साथीला बसणारे तबलजी. सत्तरीच्या पुढच्यांपासून सुरुवात करा. हे काम पुढच्या अंदाजपत्रकापर्यंत थांबू शकत नाही. शाळा-कॉलेजांतली पोरं हे काम आनंदानं करतील, त्यांना फक्त तुमची परवानगी आणि ओळखपत्र द्या. गोळा करून द्यायची जबाबदारी घ्यायला मी आणि माझे काही माजी विद्यार्थी तयार आहोत.

तिसरं, प्रत्येक वास्तूची मापं घेऊन आराखडे करा. दर्शनी भागाचे तर कराच, पण विंगा, दोर, कप्प्या, जिने, गटारं, वायरी ह्यांचेही करा. त्यांची एक प्रत नोंदघरात ठेवा आणि एक दुसऱ्या इमारतीत. विजेची आणि आगीची तपासणी दरवर्षी होऊ द्या आणि तिचा अहवाल दारात लावा, जिथं तिकीट काढायला आलेला माणूस तो वाचू शकेल. प्रयोगाआधी मागच्या लोकांना पाच मिनिटं सगळ्या वाटा दाखवा.

चौथं, खासबागेचा हौद बारा महिने जिवंत ठेवा. तालमींना पाळीपाळीनं तो द्या. माती करणारा जाणता माणूस नेमा आणि त्याच्या हाताखाली दोन तरुण द्या. प्रमाण लिहून घ्या.

पाचवं, पाट्या लावा. मराठीत, वाचता येतील अशा अक्षरांत, आणि लावण्याआधी मजकूर जाणकारांकडून तपासून घ्या. चुकीची तारीख दगडात कोरली गेली की ती शंभर वर्षं खरी ठरते.

सहावं, ह्या जागांबद्दल कुठलाही मोठा निर्णय घेण्याआधी, मग तो नावाचा असो, भाड्याचा असो की आतल्या रचनेचा, कलाकारांना, वस्तादांना, खेळाडूंना आणि प्रेक्षकांना एका दालनात बोलवा आणि त्यांचं ऐका. त्या बैठकीचं इतिवृत्त लिहा. आणि ते जपा. बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह आणि बसायला नीट जागा ह्याबद्दल त्या बैठकीत आम्हा बायकांना बोलायचं आहे. खासबागेत मी आयुष्यभर रिकाम्या मैदानात बसले, माझ्या नातीनं भरलेल्या मैदानात बसावं एवढीच इच्छा.

६ मे २०२२ रोजी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सगळं कोल्हापूर १०० सेकंद स्तब्ध उभं राहिलं. रिक्षा थांबल्या, भाजीवाल्यांनी तराजू खाली ठेवले. मीही माझ्या गल्लीच्या तोंडाशी उभी होते. गावाच्या मनात काय आहे हे तुम्हाला त्या दिवशी दिसलं असेल, तेव्हा लोक साथ देतील का अशी शंका धरू नका.

माझ्याकडं तीन गोष्टी आहेत. आजोबांचं खोरं, दांडा दोनदा बदललेला, पण पातं तेच. रंगमंचाची ती स्केचेस. आणि १९८६ च्या त्या प्रयोगाचं एक हस्तपत्रक, जे हे पत्र लिहिताना जुन्या साडीच्या घडीत सापडलं. त्यावर नाटकाचं नाव आहे, आम्हा सगळ्यांची नावं आहेत, वेळ रात्री साडेनऊची आहे. तारखेच्या जागी कागद दुमडून फाटला आहे. नोंदघर उघडेल त्या दिवशी मी ह्या तिन्ही वस्तू घेऊन येईन. नवी वही काढा, तारीख घाला, आणि पहिल्या ओळीत खोऱ्याची नोंद करा.

आपली,
मंगळवार पेठेतली एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
कोल्हापूर